जॅक द रिपरचे संशयित : नावे कोठून आली आणि पुरावा किती?

१८८८ सालच्या ऑगस्टअखेरीपासून नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत, म्हणजे अवघ्या दहा आठवड्यांत, पूर्व लंडनमधील व्हाइटचॅपल आणि त्याला लागून असलेल्या वस्त्यांत पाच स्त्रियांचे गळे चिरून खून झाले. खुनी सापडला नाही आणि कोणावरही खटला उभा राहिला नाही. ‘जॅक द रिपर’ हे नाव सप्टेंबरच्या शेवटी एका वृत्तसंस्थेकडे आलेल्या निनावी पत्राखालच्या सहीतून पुढे आले. ते पत्र एखाद्या पत्रकारानेच लिहिले असावे असे मत पुढे अनेक वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांनी दिले, तरी नाव मात्र कायमचे चिकटले. त्यानंतर आजपर्यंत शंभराहून अधिक माणसांची नावे या खुन्याच्या जागी सुचवली गेली आहेत. त्यांत न्हावी आहेत, बॅरिस्टर आहे, भोंदू वैद्य आहे, चित्रकार आहे आणि राजघराण्यातला एक राजपुत्रही आहे.

एवढी लांबलचक यादी पाहिली की प्रत्येक नावामागे काहीतरी पुरावा असणारच, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात ही नावे वेगवेगळ्या काळांत आणि वेगवेगळ्या कारणांनी यादीत शिरली. काही माणसे खून होत असतानाच संशयावरून पकडली गेली. काहींची नावे पोलीस अधिकाऱ्यांनी पाच-सहा वर्षांनी, कधी वीस वर्षांनी, आठवणीतून लिहिली. उरलेली बहुतेक नावे शतकभरानंतर लेखकांनी शोधून काढली. एखाद्या संशयिताचे वजन किती, हे ठरवायचे असेल तर आधी त्याचे नाव या तिघांपैकी कोणत्या वाटेने आले हे पाहावे लागते, आणि मग एकच साधा प्रश्न विचारावा लागतो : त्या माणसाला एखाद्या खुनाच्या जागेशी किंवा वेळेशी जोडणारा, त्याच काळात नोंदवलेला असा काही पुरावा आहे का?

तपासाच्या हाती काय होते

पाच जणींपैकी पहिली मेरी ॲन निकोल्स. ३१ ऑगस्टच्या रात्री लॉजिंग हाउसमधल्या पलंगाचे चार पेन्स तिच्याजवळ नव्हते, म्हणून तिला बाहेर काढण्यात आले. जाताना तिने आपल्या नव्या टोपीकडे लक्ष वेधून, पैसे आत्ता मिळवून आणते, असे हसत सांगितले. पहाटे अडीचच्या सुमारास ओळखीच्या एका बाईला ती रस्त्यात भेटली, आणि तीन चाळीसच्या सुमारास बक्स रो नावाच्या अंधाऱ्या गल्लीत कामावर निघालेल्या एका गाडीवानाला तिचा मृतदेह दिसला. ८ सप्टेंबरला हॅनबरी स्ट्रीटवरच्या एका घराच्या मागच्या अंगणात ॲनी चॅपमन, ३० सप्टेंबरच्या मध्यरात्रीनंतर, तासाभराहून कमी अंतराने, एलिझाबेथ स्ट्राइड आणि कॅथरिन एडोज, आणि ९ नोव्हेंबरला मिलर्स कोर्टमधल्या आपल्या भाड्याच्या खोलीत मेरी जेन केली, असा हा क्रम आहे. केली पंचविशीतली होती. बाकीच्या चौघी चाळिशी ओलांडलेल्या, नवऱ्यापासून दुरावलेल्या किंवा विधवा झालेल्या, आणि रोजच्या रात्रीच्या निवाऱ्यासाठी झगडणाऱ्या होत्या. संशयितांच्या चर्चेत त्या पार मागे पडतात, ही या विषयावरच्या लेखनातली मोठी उणीव आहे. कारण त्यांच्या शेवटच्या तासांच्या नोंदी हाच या प्रकरणातला सर्वांत भरवशाचा पुरावा आहे.

एडोजच्या खुनाची वेळ मिनिटांत सांगता येते, म्हणून तो प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. ही घटना मायटर स्क्वेअरमध्ये घडली. तेथे गस्तीवर असलेल्या वॉटकिन्स या शिपायाने दीड वाजता चौकातून फेरी मारली तेव्हा तेथे कोणी नव्हते. एक पस्तीसच्या सुमारास जोसेफ लावेंडे नावाचा व्यापारी मित्रांसह जवळच्या क्लबातून बाहेर पडला, आणि चौकाकडे जाणाऱ्या बोळाच्या तोंडाशी त्याला एक पुरुष व एक स्त्री बोलत उभे दिसले. स्त्री पाठमोरी होती. पुढे तिच्या कपड्यांवरून ती एडोज असावी असे त्याने सांगितले. एक चव्वेचाळीसला वॉटकिन्स परत आला तेव्हा चौकाच्या कोपऱ्यात तिचा मृतदेह पडलेला होता. म्हणजे लावेंडेने पाहिलेली स्त्री एडोजच असेल, तर खून, शरीराची चिरफाड आणि पलायन हे सारे नऊ-दहा मिनिटांत उरकले होते. खुनी त्या भागातल्या बोळा-गल्ल्या जाणणारा असावा, हा तर्क येथून येतो. त्याला शरीररचनेचे ज्ञान असावे की नाही, यावर मात्र त्या काळच्या डॉक्टरांतच एकमत नव्हते. चॅपमनचा मृतदेह तपासणारे डॉक्टर फिलिप्स यांना तसे ज्ञान जाणवले, तर नोव्हेंबरमध्ये सर्व खुनांचे कागद पाहून अहवाल देणारे डॉक्टर टॉमस बाँड यांनी खुन्याला कसायाइतकेही ज्ञान नाही असे लिहिले. ‘खुनी डॉक्टर होता’ हे गृहीत धरून पुढे जाणारी प्रत्येक उपपत्ती या मतभेदाकडे काणाडोळा करते.

तपासाची साधने तुटपुंजी होती. लंडनच्या पोलिसांनी बोटांच्या ठशांचा विभाग १९०१ साली सुरू केला, आणि तोही बंगालमध्ये एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली अझीझुल हक व हेमचंद्र बोस यांनी घडवलेल्या वर्गीकरणाच्या पद्धतीवर. कपड्यावरचा वाळलेला डाग माणसाच्या रक्ताचा की जनावराच्या, हे खात्रीने सांगणारी चाचणीही १९०१ सालचीच, आणि रक्तगटांचा शोधही त्याच वर्षी जाहीर झाला. बक्स रोच्या शेजारच्याच रस्त्यावर घोड्यांचा कत्तलखाना होता, त्यामुळे रक्ताळलेल्या ॲप्रनचा माणूस रात्री दिसला तरी कोणाला नवल वाटले नसते. पोलिसांनी ७६ खाटीक आणि कत्तलखान्यातल्या कामगारांची चौकशी केली, तीनशेहून अधिक माणसांबद्दल माहिती काढली आणि ऐंशीच्या आसपास माणसांना ठाण्यात बसवून ठेवले. यांतून हाती काही लागले नाही. शिवाय मायटर स्क्वेअर हा सिटी पोलीस या स्वतंत्र दलाच्या हद्दीत होता आणि बाकीच्या जागा मेट्रोपॉलिटन पोलिसांच्या, त्यामुळे कागदपत्रेही दोन ठिकाणी विभागली गेली. या हद्दीचा मुद्दा पुढे दोनदा उपयोगी पडणार आहे.

पहिला संशयित : चांभार पायझर

सप्टेंबरच्या सुरुवातीला वर्तमानपत्रांनी ‘लेदर ॲप्रन’ या टोपणनावाच्या एका माणसाची धास्ती पसरवली. तो रस्त्यावरच्या बायकांना धमकावतो, असे सांगितले जाई. १० सप्टेंबरला जॉन पायझर या ज्यू चांभाराला त्याच्या घरातून पकडण्यात आले. निकोल्सच्या खुनाच्या रात्री तो हॉलोवे भागात होता; लंडनच्या गोदीला लागलेल्या मोठ्या आगीचा उजेड आकाशात दिसत असताना तो एका पोलीस शिपायाशीच त्याबद्दल बोलला होता. पोलिसानेच दिलेल्या अशा साक्षीनंतर संशयाला जागा उरली नाही, आणि चॅपमनच्या मृत्यूची चौकशी करणाऱ्या कॉरोनरने (मुंबईतही विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हे पद होते) त्याला भर चौकशीत बोलावून निर्दोष ठरू दिले. तरी या प्रकरणाने एक गोष्ट दाखवून दिली. १८८१ नंतर रशियाच्या साम्राज्यातील हल्ल्यांमुळे हजारो ज्यू कुटुंबे पूर्व लंडनमध्ये येऊन राहिली होती. असे क्रौर्य इंग्रज माणूस करणारच नाही, ही भावना इतकी खोल होती की संशयाची सुई आपसूक परक्या माणसाकडे वळत असे. पुढे ज्या दोन-तीन नावांचे सर्वांत अधिक वजन मानले गेले, त्यांच्याकडे पाहताना हा संदर्भ सुटता कामा नये.

मॅकनॉटन यांचे टिपण

रिपरच्या संशयितांची चर्चा ज्या कागदाभोवती फिरते, तो २३ फेब्रुवारी १८९४ रोजी मेल्व्हिल मॅकनॉटन या वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याने लिहिला. मॅकनॉटन १८८८ साली पोलीस दलातच नव्हते. त्यांनी बारा वर्षे बंगालमध्ये कुटुंबाच्या मळ्यांचा कारभार पाहिला होता, आणि बंगाल पोलिसांत वरच्या हुद्द्यावर असलेल्या जेम्स मन्रो यांच्याशी तेथे झालेल्या ओळखीतून ते जून १८८९ मध्ये स्कॉटलंड यार्डात आले. म्हणजे शेवटच्या खुनानंतर सात महिन्यांनी. त्यांची माहिती प्रत्यक्ष तपासातली नसून नंतर ऐकलेली आणि वाचलेली होती.

टिपण लिहिण्याचे कारणही समजून घेतले पाहिजे. ‘सन’ या वर्तमानपत्राने टॉमस कटबुश नावाचा एक मनोरुग्ण हाच रिपर असल्याचा दावा केला होता. तो दावा खोडून काढण्यासाठी मॅकनॉटन यांनी लिहिले की, ज्यांनी हे खून केले असण्याची शक्यता कटबुशपेक्षा अधिक आहे अशी तीन माणसे मी सांगू शकतो. तीन नावे आली ती अशी, तुलनेसाठी. त्याच टिपणात त्यांनी स्वच्छपणे नोंदवले आहे की अनेकांवर संशय होता, पण कोणाविरुद्धही पुराव्याची सावलीसुद्धा पडली नाही. शेवटच्या भीषण खुनानंतर खुन्याचे डोके पार फिरले असावे आणि त्याने एकतर आत्महत्या केली असावी किंवा त्याला वेड्यांच्या इस्पितळात टाकले गेले असावे, हा त्यांचा तर्क होता. नावे या तर्काच्या साच्यात बसणारी आहेत : एक बुडून मेलेला, एक वेड्यांच्या इस्पितळातला आणि एक सराईत गुन्हेगार. १९६० च्या दशकात ही नावे लोकांसमोर आली, तेव्हा ‘पोलिसांचे तीन मुख्य संशयित’ असे त्यांचे वर्णन होऊ लागले, आणि कटबुशचा संदर्भ गळून पडला.

तिघांपैकी सराईत गुन्हेगार म्हणजे मायकल ऑस्ट्रॉग, रशियन म्हणून ओळखला जाणारा एक भामटा. पुढे अभ्यासकांना फ्रान्समधील नोंदी सापडल्या. खुनांच्या काळात तो तेथे चोरीच्या आरोपावरून कैदेत होता. त्याचे प्रकरण येथेच संपते, आणि मॅकनॉटन यांची माहिती किती कच्ची असू शकत होती हेही त्यातून दिसते.

मॉन्टेग्यू जॉन ड्रुइट याचे नाव मॅकनॉटन यांनी सर्वांत वर ठेवले. चांगल्या घराण्यातला, डॉक्टर असल्याचे म्हटले जाते, मिलर्स कोर्टच्या खुनाच्या सुमारास गायब झाला, ३१ डिसेंबरला थेम्स नदीत मृतदेह सापडला आणि त्याच्या कुटुंबालाच त्याच्यावर संशय होता अशी खासगी माहिती आपल्याला मिळाली आहे, असे त्यांनी लिहिले. यातला नदीत मृतदेह सापडल्याचा भाग खरा आहे. ड्रुइट डॉक्टर नव्हता. तो ऑक्सफर्डमध्ये शिकलेला बॅरिस्टर होता आणि ब्लॅकहीथ येथील मुलांच्या एका निवासी शाळेत शिकवतही असे. डॉक्टर होते ते त्याचे वडील. टिपणाच्या दुसऱ्या मसुद्यात त्याचे वय ४१ दिले आहे, प्रत्यक्षात तो ३१ वर्षांचा होता. तो मिलर्स कोर्टच्या खुनानंतर लगेच गायबही झाला नाही. नोव्हेंबरच्या अखेरीस शाळेने त्याला काढून टाकले. मृतदेहाच्या खिशात १ डिसेंबरच्या तारखेचे रेल्वेचे परतीचे, न वापरलेले तिकीट होते, आणि प्रत्येक खिशात चार मोठे दगड. शुक्रवारपासून आपण आईसारखे होणार असे वाटू लागले आहे, अशा आशयाची चिठ्ठी त्याने मागे ठेवली होती. त्याची आई त्याच वर्षी मनोरुग्णालयात दाखल झाली होती.

एका तरुण माणसाच्या आत्महत्येचे कारण या तपशिलांत पुरेसे स्पष्ट दिसते : नोकरी गेली, आणि आईचा आजार आपल्यालाही जडतो आहे ही भीती. खुनांशी त्याला जोडणारे मात्र काहीच दिसत नाही. व्हाइटचॅपलमध्ये त्याला कोणी पाहिल्याची नोंद नाही. उलट क्रिकेटच्या जुन्या धावपत्रिकांत त्याचा माग लागतो. ॲनी चॅपमनचा मृतदेह ८ सप्टेंबरच्या सकाळी सहाच्या सुमारास सापडला, आणि त्याच दिवशी साडेअकराला ड्रुइट ब्लॅकहीथच्या मैदानावर सामना खेळण्यासाठी हजर होता. पहाटे खून करून, रेल्वेने परत येऊन, अंघोळ करून मैदानावर उतरणे अगदीच अशक्य नाही, हे मान्य करावे लागते. म्हणून हा निर्णायक बचाव ठरत नाही. पण मुळात आरोपच ‘खासगी माहिती’ या दोन शब्दांवर उभा आहे. ही माहिती कोणी दिली, काय दिली, हे मॅकनॉटन यांनी कोठेच लिहिले नाही. शाळेतून काढून टाकणे, आत्महत्या आणि खून थांबणे या तीन गोष्टी एकामागून एक आल्या, एवढ्या योगायोगावर एका मृत माणसाचे नाव गेली साठ वर्षे खुनी म्हणून छापले जात आहे. मला हे न्यायाचे वाटत नाही.

कोस्मिन्स्की

तिसरे नाव सर्वांत अवघड आहे, कारण त्याला एकाहून अधिक अधिकाऱ्यांचा दुजोरा आहे. मॅकनॉटन यांनी ‘कोस्मिन्स्की’ एवढेच आडनाव लिहिले : व्हाइटचॅपलमध्ये राहणारा पोलिश ज्यू, स्त्रियांचा द्वेष करणारा, मार्च १८८९ च्या सुमारास वेड्यांच्या इस्पितळात टाकलेला. १९१० साली रॉबर्ट अँडरसन यांनी आत्मचरित्रात नाव न घेता असे लिहिले की खुनी खालच्या वर्गातला पोलिश ज्यू होता, आणि खुन्याला नीट पाहिलेल्या एकमेव साक्षीदाराने त्याला ओळखले होते, पण साक्ष द्यायला नकार दिला. अँडरसन हे गुन्हे अन्वेषणाचे प्रमुख. त्यांनी पदभार घेतला तो निकोल्सच्या खुनानंतर लगेच, आणि आठवडाभरात, चॅपमनच्या खुनाच्या दिवशीच, ते प्रकृतीच्या कारणाने रजेवर परदेशी गेले. त्यांच्या गैरहजेरीत सगळे कागद ज्याच्या टेबलावर येत, तो डोनाल्ड स्वॉन्सन. स्वॉन्सनजवळ या आत्मचरित्राची एक प्रत होती, आणि तिच्या समासात त्याने पेन्सिलीने टिपले होते की साक्षीदार स्वतःही ज्यू होता म्हणून त्याने नकार दिला, ओळख पटवणे समुद्रकिनाऱ्यावरच्या विश्रामगृहात झाले, सिटी पोलिसांनी संशयिताच्या भावाच्या घरावर पाळत ठेवली होती, नंतर त्याला कोलनी हॅचच्या इस्पितळात नेले आणि तेथे तो थोड्याच दिवसांत मेला. शेवटी लिहिले होते : ‘कोस्मिन्स्की हा संशयित होता’. ही टिपणे १९८७ साली प्रसिद्ध झाली आणि चर्चेचा रंगच पालटला.

इस्पितळांच्या नोंदींत या आडनावाचा जो माणूस सापडतो तो ॲरन कोस्मिन्स्की, पेशाने न्हावी, खुनांच्या वेळी तेवीस वर्षांचा. त्याला फेब्रुवारी १८९१ मध्ये कोलनी हॅचमध्ये दाखल केले. त्याला आवाज ऐकू येत, दुसऱ्याच्या हातचे तो खात नसे आणि गटारातले पावाचे तुकडे उचलून खाई. बहिणीवर त्याने एकदा सुरी उगारल्याची नोंद आहे आणि इस्पितळात एका सेवकावर खुर्ची उगारल्याचीही. तरी डॉक्टरांनी तो इतरांना धोकादायक असल्याचे नोंदवले नाही. १८९४ साली त्याला लीव्हस्डन येथे हलवले, आणि तेथे तो १९१९ मध्ये वारला.

आता या दोन्ही बाजू एकमेकींशेजारी ठेवून पाहाव्यात. मॅकनॉटन म्हणतात मार्च १८८९, पण डिसेंबर १८८९ मध्ये ॲरनला कुत्र्याच्या तोंडाला जाळी न लावल्याबद्दल दंड झाल्याची नोंद आहे, म्हणजे तेव्हा तो मोकळा फिरत होता. स्वॉन्सन म्हणतो तो लवकरच मेला, पण तो आणखी अठ्ठावीस वर्षे जगला. साक्षीदार लावेंडे असेल, तर त्याने १८८८ सालच्या चौकशीतच सांगितले होते की तो माणूस पुन्हा दिसला तर आपण ओळखू असे वाटत नाही; मग दोन वर्षांनी त्याने क्षणभर पाहिलेल्या चेहऱ्याची खात्री कशी दिली? आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, ॲरन इस्पितळात गेल्यानंतर आठवड्याभरात, १३ फेब्रुवारी १८९१ रोजी, फ्रान्सिस कोल्स नावाच्या स्त्रीचा व्हाइटचॅपलमध्ये खून झाला. पोलिसांनी जेम्स सॅडलर या खलाशाला पकडले आणि, वर्तमानपत्रांतील वृत्तानुसार, रिपरला पाहिलेल्या साक्षीदाराला बोलावून त्याच्यासमोर उभे केले. साक्षीदाराने सॅडलरला ओळखले नाही. खरा खुनी निश्चित ओळखला गेला आहे आणि इस्पितळात बंद आहे अशी पोलिसांची खात्री असती, तर ही ओळख परेड घेण्याचे कारणच उरले नसते.

यावर काही अभ्यासकांचे उत्तर असे आहे की अधिकाऱ्यांनी दोन वेगवेगळ्या रुग्णांची माहिती एकत्र मिसळली असावी. हे शक्य आहे. अँडरसन आणि स्वॉन्सन हे दोघेही प्रकरणाच्या अगदी जवळ होते, म्हणून त्यांचा शब्द सहज बाजूला टाकता येत नाही, आणि जिवंत असताना ज्याच्यावर पोलिसांचा खरोखर संशय होता असे मानण्यास थोडा तरी आधार आहे, असा कोस्मिन्स्की हा या यादीतला एक मोजका माणूस आहे. पण ‘पोलिसांना संशय होता’ आणि ‘त्याने खून केले’ या दोन विधानांत फार मोठे अंतर आहे, आणि ते अंतर भरून काढणारा एकही कागद आज उपलब्ध नाही.

जॉर्ज चॅपमन आणि टंबल्टी

प्रत्यक्ष रस्त्यावर तपास करणाऱ्या अधिकाऱ्यांत फ्रेडरिक ॲबरलाइन प्रमुख होते, आणि त्यांचे मत वेगळेच होते. सेव्हेरिन क्लोसोव्स्की, ज्याने पुढे जॉर्ज चॅपमन हे नाव घेतले, हा पोलंडमध्ये शस्त्रक्रियेचे प्राथमिक शिक्षण घेतलेला न्हावी १८८८ साली पूर्व लंडनमध्येच होता. त्याने पुढे पत्नी म्हणून वागवलेल्या तीन स्त्रियांना अँटिमनीचे विष देऊन मारले, आणि एप्रिल १९०३ मध्ये त्याला फाशी झाली. तो निर्घृण खुनी होता यात शंकाच नाही. पण अनोळखी स्त्रियांना अंधारात सुरीने मारणारा माणूस दहा वर्षांनी घरातल्या स्त्रीला महिनोन्महिने थोडेथोडे विष देत बसेल, हे पटणे कठीण जाते. आणि रिपरच्या एकाही खुनाशी त्याला जोडणारा धागा नाही. ॲबरलाइन यांचे मतही त्याच्या अटकेनंतर बनलेले होते, १८८८ मधले नव्हते.

फ्रान्सिस टंबल्टी हा अमेरिकेतला भोंदू वैद्य. पुरुषांशी असभ्य वर्तन केल्याच्या आरोपावरून त्याला ७ नोव्हेंबर १८८८ रोजी अटक झाली, जामिनावर सुटून तो फ्रान्समार्गे न्यूयॉर्कला पळाला, आणि तेथील पोलिसांनी त्याच्या घरावर नजर ठेवली. १९१३ साली निवृत्त अधिकारी जॉन लिटलचाइल्ड यांनी एका पत्रकाराला पत्र लिहून तो संशयित म्हणून दाट शक्यतेचा असल्याचे सांगितले; ते पत्र १९९३ मध्ये सापडले. म्हणजे त्याच्यावर तेव्हाच संशय होता, हे खरे. मात्र टंबल्टी पन्नाशी उलटलेला, उंच, भरघोस मिशांचा माणूस होता, आणि साक्षीदारांनी वर्णन केलेला माणूस बहुतेक वेळा मध्यम उंचीचा व तरुण आहे. न्यूयॉर्क पोलिसांच्या गुन्हे शोध विभागाच्या प्रमुखाने त्याच वेळी सांगितले की खुनांतील सहभागाचा पुरावा नाही, म्हणून त्याला पकडता येत नाही.

शतकानंतर सापडलेली नावे

राणी व्हिक्टोरियाचा नातू प्रिन्स अल्बर्ट व्हिक्टर, जो १८८९ च्या अखेरीस भारताच्या दौऱ्यावरही आला होता, याच्याकडे बोट दाखवणारा लेख १९७० साली आला. दरबारी नोंदींनुसार खुनांच्या महत्त्वाच्या रात्री तो यॉर्कशरमध्ये आणि स्कॉटलंडमध्ये होता. राजघराण्याची अब्रू वाचवण्यासाठी वैद्य सर विल्यम गल यांनी खून केले, ही कथा त्यापुढची. गल सत्तरी ओलांडलेले होते आणि त्यांना १८८७ साली पक्षाघाताचा झटका आलेला होता. शिवाय ज्या माणसाने ती कथा सांगितली त्यानेच पुढे ती आपण रचल्याचे कबूल केले. या दोन्ही नावांवर याहून अधिक वेळ घालवण्याचे कारण नाही. चित्रकार वॉल्टर सिकर्टचे नाव त्याच्या चित्रांच्या विषयांवरून पुढे आले, तर त्या उन्हाळ्याच्या अखेरीस तो फ्रान्समध्ये असल्याचे कुटुंबाच्या पत्रांवरून दिसते. लिव्हरपूलचा कापूस व्यापारी जेम्स मेब्रिक याच्या नावाची एक ‘रोजनिशी’ १९९२ मध्ये बाहेर आली. ती समोर आणणाऱ्यानेच नंतर ती बनावट असल्याचे लिहून दिले आणि मग ते विधान मागेही घेतले.

चार्ल्स लेचमियर हे नाव यांपेक्षा वेगळे आहे, कारण तो निदान जागेवर होता. बक्स रोमध्ये निकोल्सचा मृतदेह पाहणारा गाडीवान तो हाच. चौकशीत त्याने सावत्र वडिलांचे ‘क्रॉस’ हे आडनाव सांगितले, आणि त्याच्या कामाचा रस्ता त्या भागातून जात होता, एवढ्यावर गेल्या काही वर्षांत त्याला खुनी ठरवण्याचा प्रयत्न चालला आहे. पण त्याने दुसऱ्या वाटसरूला स्वतः हाक मारून थांबवले, पोलिसाला जाऊन सांगितले आणि घरचा खरा पत्ता देऊन चौकशीला हजर राहिला. मृतदेह प्रथम पाहणाऱ्यावर संशय घेणे हे तपासाचे पहिले पाऊल असते. त्याच पावलाला निष्कर्ष म्हणता येत नाही.

शाल आणि डीएनए

२०१४ साली जगभरच्या वर्तमानपत्रांनी, मराठी वर्तमानपत्रांसह, डीएनए चाचणीने कोस्मिन्स्की हाच रिपर असल्याचे सिद्ध झाले अशी बातमी दिली, आणि २०१९ मध्ये त्यावर शोधनिबंध आल्यावर ती पुन्हा फिरली. आधार होता २००७ मध्ये लिलावात विकत घेतलेली एक रेशमी शाल, जी एडोजच्या मृतदेहाजवळून एका पोलिसाने उचलून घरी नेली असे सांगितले जाते. हा पोलीस मेट्रोपॉलिटन दलाचा होता. मायटर स्क्वेअर मात्र सिटी पोलिसांच्या हद्दीत होता, आणि तो तेथे असल्याची नोंद नाही. एडोजच्या अंगावरच्या आणि जवळच्या वस्तूंची यादी पोलिसांनी बारकाईने केली होती : चहा-साखरेचे डबे, पांढऱ्या चिंध्या, जुन्या ॲप्रनचा तुकडा, आणि मोहरीच्या डब्यात जपून ठेवलेल्या गहाणाच्या दोन पावत्या. शिवताना बोटाला लावायच्या टोपणासारख्या बारीक वस्तूही त्या यादीत आहेत. रेशमी शाल नाही.

चाचणीही समजून घ्यावी. येथे तपासला गेला तो मायटोकाँड्रियामधला डीएनए, जो फक्त आईकडून मुलांकडे जातो. तो हजारो माणसांत सारखा असू शकतो. त्यामुळे जुळला नाही तर एखाद्याला वगळता येते, पण जुळला म्हणून ‘हाच तो’ असे म्हणता येत नाही. २०१४ मध्ये दुर्मीळ म्हणून जाहीर केलेला एक बदल, क्रमांक लिहिण्यातली चूक दुरुस्त केल्यावर, युरोपीय वंशाच्या बहुतेक सर्वांत आढळणारा निघाला. २०१९ च्या निबंधात डीएनएचा मूळ क्रम न देता रंगीत चौकोनांची आकृती देण्यात आली, म्हणून इतर शास्त्रज्ञांना तो पडताळता आला नाही. त्यातच ती शाल अनेक वर्षे अनेकांनी हाताळली होती, आणि एडोजच्या वंशजांनीही तिच्यासोबत वेळ घालवल्याचे छायाचित्रांतून दिसते. शालीचा प्रवास १८८८ पासून अखंड सिद्ध होत नाही तोवर तिच्यावर काहीही सापडले तरी ते त्या रात्रीचे ठरत नाही.

स्वॉन्सनच्या टिपणाप्रमाणे कोस्मिन्स्कीवर पाळत ठेवली ती सिटी पोलिसांनी. त्या पाळतीचे अहवाल, तारखा, पाळतीवरच्या शिपायांच्या सह्या, हे सारे त्या दलाच्या दप्तरात असायला हवे होते. सिटी पोलिसांची या प्रकरणाची बहुतेक कागदपत्रे दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बहल्ल्यांत जळाली. मेट्रोपॉलिटन दलाची फाइल ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे, पण संशयितांविषयीचे त्यातले काही कागद विसाव्या शतकातच गहाळ झाले. त्यामुळे एखाद्या कुटुंबाच्या पेटीतून किंवा दुसऱ्या एखाद्या खात्याच्या दप्तरातून १८८८ ते १८९१ या काळातला, तारीख असलेला, संशयिताचे नाव आणि त्याच्यावरच्या संशयाचे कारण सांगणारा अस्सल कागद बाहेर आला, तरच या यादीतले एखादे नाव पुढे सरकू शकेल.